चार शब्दांचा नट

कवठेवाडच्या बाबगोंडा मगदूम यांनी आयुष्यभर सांगितलेल्या गोष्टींपैकी किती खऱ्या आणि किती वाढीव, हे तपासायच्या भानगडीत गावातलं कुणी कधी पडलं नव्हतं. महापुरात म्हशीचं शेपूट धरून आपण तीन गावं ओलांडली, ही त्यांची गोष्ट दर वर्षी एक गाव लांब जायची. इचलकरंजीच्या एका लग्नात व्याह्यांनी आपल्याला आमदार समजून फेटा बांधला आणि आपणही भाषण ठोकून आलो, ही दुसरी. लोक पारावर बसून ऐकायचे, हसायचे आणि ‘अण्णा, पुढं?’ म्हणायचे. सहासष्ट वर्षांच्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

एक गोष्ट मात्र ते जरा वेगळ्या आवाजात सांगायचे. चौतीस वर्षांपूर्वी, म्हणजे २००९ साली, गावाच्या कुस्ती मैदानात ‘चितपट रंगराव’ नावाच्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं. आखाड्याभोवती दीडशे गावकरी बसवले होते आणि त्यांतून दिग्दर्शकानं बोट दाखवून एकट्या बाबगोंडांना उभं केलं. नायक कुस्ती हरून मातीत पडलेला असतो, सगळे त्याला नावं ठेवत असतात आणि गर्दीतला एक माणूस उठून म्हणतो, “आधी पाणी द्या त्याला.” एवढे चार शब्द. बाबगोंडांनी ते आठ दिवस गोठ्यात म्हशींना म्हणून दाखवले होते. शूटिंगच्या दिवशी हलगी आणि दीडशे जणांचा आरडाओरडा असा काही चालला होता, की डोक्यावर धरलेल्या माईकशिवाय ते शब्द कुणालाच ऐकू गेले नाहीत. पुढे सिनेमा लागला तो ऐन गळीत हंगामात. सगळं गाव उसाच्या फडात, आणि सिनेमा कोल्हापुरात चार दिवस चालून उतरला. बाबगोंडा तेवढे एकटे जाऊन बघून आले.

“पडद्यावर एवढं मोठं तोंड दिसत होतं माझं,” ते हात पसरून सांगायचे.

“तुमचं तोंड मुळातच मोठं हाय, अण्णा,” कुणीतरी म्हणायचं.

मग लोक त्यांच्या बायकोकडे, त्रिशलाबाईंकडे वळायचे. “वैनी, खरं काय ओ?”

“मी कुठं बघायला गेल्ते?” त्रिशलाबाई म्हणायच्या. “आमच्या आक्का सुनंला शूटिंग बघायला पाठवत्यात व्हय?” आणि आपल्या कामाला लागायच्या.

आक्का म्हणजे बाबगोंडांची आई. ब्याण्णव वर्षांची, कानानं थोडी अधू, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून नजर घारीची. तिला या सिनेमाचं नाव जरी काढलं तरी ती म्हणायची, “रिकामपणाचं धंदं.”

यंदा गावच्या दूध संस्थेला पन्नास वर्षं झाली. चेअरमन अभिनंदन नांद्रे उत्साही माणूस. त्यांनी ठरवलं, की संस्थेच्या हॉलमध्ये भिंतभर पडद्यावर ‘चितपट रंगराव’च दाखवायचा. आजकाल कुठलाही सिनेमा नुसतं नाव उच्चारलं की भिंतीवर येतो, त्यामुळे अडचण कसलीच नव्हती. बाबगोंडांनी फेट्याला खळ दिली, कोल्हापुरात नोकरीला असलेल्या मुलीला फोन केला आणि भेटेल त्याला सांगत सुटले, “रविवारी चार वाजता. मग बोला काय बोलायचं ते.”

रविवारी हॉल भरला. चित्र इतकं लख्ख, की मातीचा कण न् कण दिसावा. कुस्ती झाली, नायक पडला, हलगी थांबली. बाबगोंडांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. पडद्यावर गर्दीतून एक माणूस उठला. गोरापान, पिळदार मिशांचा, खांद्यावर शाल टाकलेला.

“अरे, कुणीतरी पाणी आणा रे,” तो म्हणाला आणि खाली बसला.

मग मागून आवाज आला, “अण्णा, तवा लई गोरं हुता की तुम्ही.” आणि जे हसू फुटलं, ते सिनेमा संपेपर्यंत थांबलं नाही.

हसणं बाबगोंडांना नवीन नव्हतं. पण आजवर लोक त्यांच्याबरोबर हसत आले होते, आज त्यांना हसले. दुसऱ्या दिवशी त्यांचं नाव ‘पाणीवाले अण्णा’ पडलं. त्याचंही त्यांनी मनावर घेतलं नसतं. पण आतून एक वेगळाच किडा पोखरायला लागला. भिंतीवर सगळ्या गावानं जे पाहिलं ते खोटं कसं असेल? आणि ते खरं असेल, तर आपण कोल्हापुरात जाऊन काय पाहिलं होतं? त्यांचे वडील शेवटच्या वर्षांत घरच्या माणसांना ओळखेनासे झाले होते, मेलेल्या भावाशी तासन् तास बोलायचे. आपलंही तसंच सुरू झालं की काय, या भीतीनं बाबगोंडांना घेरलं. आठवडाभर ते पाराकडे फिरकले नाहीत. ‘दिवस कसा गेला?’ विचारलं तर ‘गेला’ एवढंच म्हणायचे. त्रिशलाबाईंनी दोनदा आमटी मुद्दाम अळणी केली, तरी काही बोलले नाहीत. तेव्हा मात्र त्या घाबरल्या आणि त्यांनी मुलीला बोलावून घेतलं.

सन्मती कोल्हापुरात सिनेमे साठवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर होती. ती आली तेव्हा बाबगोंडा भिंतीसमोर बसून तोच प्रसंग पाहत होते. मगदुमांच्या घरच्या भिंतीवर ‘पाणी’ मागत होती एक म्हातारी.

“शेजारच्या नेज्यांच्यात बघून आलोय,” बाबगोंडा हताशपणे म्हणाले. “तिथं एक फौजी उठतोय. पोरी, मला डॉक्टरकडं न्हे.”

सन्मती आधी हसली आणि मग बापाचा चेहरा बघून गप्प झाली. “अण्णा, डॉक्टर नको. तुम्ही बरोबर आहात. आम्ही सिनेमा आता साठवतच नाही.”

“मग हे काय दिसतंय?”

“पेरलेलं उगवतंय.”

तिनं समजावलं ते असं. दहा-बारा वर्षांपूर्वी जगातले सगळे सिनेमे मोठमोठ्या यंत्रघरांत साठवलेले असायचे. ती यंत्रं तापायची, त्यांना थंड ठेवायला नद्या आटवाव्या लागायच्या. लागोपाठ दोन दुष्काळ पडले आणि सरकारनं कंपन्यांना सांगितलं, की साठा कमी करा. तेव्हा ‘बीजपद्धत’ निघाली. सिनेमातलं प्रत्येक चित्र ठेवायचं नाही, त्याचं फक्त बी ठेवायचं. नायक-नायिकेचे चेहरे, त्यांचे संवाद, गाणी आणि कथा एवढं नेमकं जपायचं. बाकीच्याची नुसती चिठ्ठी: ‘आखाडा, दीडशे माणसं, फेटे, धूळ, एक जण पाणी मागतो.’ सिनेमा लावला की घरातलं यंत्र त्या चिठ्ठीवरून उरलेलं चित्र जागच्या जागी रंगवतं. पाहणाऱ्याला काय आवडतं हेही त्याला माहीत असतं, म्हणून प्रत्येक घरातली गर्दी वेगळी. मागच्या माणसांकडे कुणी बघतच नाही, त्यामुळे इतकी वर्षं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

“हजारातले नऊशे नव्वद भाग जसेच्या तसे राहतात,” सन्मती म्हणाली. “आमच्या जाहिरातीत तसं लिहिलंय.”

“आणि उरलेलं धा?”

“त्यात आपलं गाव होतं,” ती खाली बघत म्हणाली.

बाबगोंडांना धरून आलेली कळ सुटल्यासारखं झालं. तडक उठून ते पारावर गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. घरोघरी वेगळा माणूस दिसतो, हे दोघा-तिघांनी घरी जाऊन ताडूनही पाहिलं. पण चेअरमन नांद्रे म्हणाले, “अण्णा, मशीन थापा मारतंय म्हणून तुम्ही खरं बोलालाय, असं कुठं हाय?”

लांडगा आला रे आला करणाऱ्याचं शेवटी जे होतं, तेच बाबगोंडांचं झालं होतं. आता पुरावा आणायचा तर तो जुन्या, हातात धरता येणाऱ्या सिनेमाचाच. आणि तसा एक त्यांनी त्या काळी जयसिंगपूरच्या स्टँडवर विकत घेतलाही होता. दोन सीड्यांचा संच, वर पैलवानाचं चित्र. घरी चालवायला यंत्र नव्हतं, म्हणून तो कपाटात पडून राहिला आणि पुढे एका वर्षी शाळूवर पाखरं फार आली. त्या दिवसांत जुन्या सीड्या दोऱ्याला बांधून शेतात टांगायची पद्धतच होती. उन्हात चमकल्या की पाखरं बिचकतात. आक्कानं कपाटातल्या सगळ्या काढून नेल्या.

सन्मती आणि बाबगोंडा शेतातल्या खोपटाच्या माळ्यावर चढले. दोऱ्यात ओवलेल्या अकरा सीड्या मिळाल्या. त्यांतल्या एकीवर पैलवानाची मांडी ओळखू येत होती. बाबगोंडांनी ती उजेडात धरली. चंदेरी मुलामा उडून गेला होता आणि आरपार उसाचा फड दिसत होता.

“शाळू तेवढा चांगला आल्ता त्या साली,” ते म्हणाले.

“एक माणूस आहे,” सन्मती म्हणाली. “जयसिंगपुरात. आमची कंपनी त्याच्यावर खार खाऊन आहे.”

मुश्ताक बागवान यांचं पूर्वी सीड्या भाड्यानं देण्याचं दुकान होतं. दुकान बंद होऊन पंचवीस वर्षं झाली, पण त्यांनी एकही सीडी विकली नव्हती. घराच्या तीन खोल्यांत छतापर्यंत फळ्या. मुश्ताकभाई सत्तरीचे, शिडशिडीत, बोटं नेहमी मलमलच्या फडक्यात. बोलता बोलता ते सीडी पुसत होते, मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेघेत.

“गोल पुसायची नाही कधी, ओरखडा गोल गेला की गाणं गेलं,” त्यांनी आल्या आल्या बजावलं.

“एवढं घरात ठेवून करताय काय?” बाबगोंडांनी विचारलं.

“बायको पण हेच विचारते.” मुश्ताकभाई हसले. “आधी मी पण हौस म्हणूनच ठेवलं होतं. मग लोक यायला लागले. मिरजेचे एक रिटायर ड्रायव्हर येतात. एका गाण्यात हिरोईन झाडाभोवती फिरते आणि मागनं एक लाल एसटी जाते. ती एसटी हे चालवत होते. तेवढी जाताना बघतात, चहा पितात, जातात. कुरुंदवाडच्या एक बाई येतात. त्यांचं घर धरणात गेलं. एका मारामारीत हिरो त्यांच्या ओसरीवरनं उडी मारतो, म्हणून ती ओसरी बघायला मिळते. त्यांच्या घरच्या भिंतीवर आता कुठलीतरी संगमरवरी हवेली दिसते म्हणे. मग सांगा, मी हे टाकू कसं?”

बाबगोंडांनी मान डोलावली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्याकडे हसत नव्हतं.

‘चितपट रंगराव’ तिसऱ्या खोलीत, खालून दुसऱ्या फळीवर मिळाला. मुश्ताकभाईंनी संच उघडून दुसरी सीडी काढली. “कुस्ती मध्यंतरानंतर ना? बसा, आत्ता लावतो. सीडी घराबाहेर जात नाही, तेवढा एक नियम आहे आपला.”

सन्मतीनं खुर्ची पुढे ओढली. बाबगोंडा उभेच राहिले.

“हितं नको,” ते म्हणाले.

“अण्णा, आधी आपण बघून तर घेऊ,” सन्मती म्हणाली. “समजा तुमचा प्रसंग कापला असला तर?”

“कापला असंल तर गावासमोर कापलेला दिसंल. गाव हसलंय, गावानंच बघाय पायजे. मी एकट्यानं बघून आलो म्हणून सांगिटलं तर पुन्हा तेच की. एकदा बघून आल्तोच की कोल्हापुरात.”

मुश्ताकभाईंनी सीडीकडे पाहिलं, बाबगोंडांकडे पाहिलं, आणि नियमाला आयुष्यात पहिल्यांदा मुरड घातली. “सीडी माझ्या मांडीवरून उतरणार नाही. यंत्र माझं, हात माझा. कबूल?”

रविवारी दूध संस्थेचा हॉल पुन्हा भरला. या वेळी लोक सिनेमापेक्षा गंमत बघायला आले होते. पहिल्या रांगेत आक्का, तिच्या शेजारी सन्मती, पलीकडे त्रिशलाबाई. बाबगोंडांनी फेटा बांधला नव्हता. घसा इतका कोरडा पडला होता, की पाणी द्या म्हणायची वेळ त्यांच्यावरच आली होती.

मुश्ताकभाईंनी यंत्र लावलं. भिंतीच्या मधोमध एक लहानसं, धुरकट चित्र उमटलं. “डोळं बिघडलं व्हय माझं?” कुणीतरी कुरकुरलं. दुसरी सीडी सुरू झाली, एक गाणं झालं, एक भांडण झालं, चित्र दोनदा अडकून पुढे सरकलं. मग आखाडा आला. कॅमेरा गर्दीवरून सावकाश फिरला.

“थांबा की,” मागून एक बाई उभी राहिली. “ती माझी आई.”

“आन् त्यो? त्यो तात्या नेजे न्हवं? काठी बघ त्याची.”

“आरं, आमचा सर्ज्या बैल!”

मग कुणाला धरबंदच राहिला नाही. माणसं खुर्च्या सोडून भिंतीजवळ गेली, बोटं लावून दाखवायला लागली. चेअरमन नांद्रे पाच वर्षांचे असताना वडिलांच्या खांद्यावर बसून नाक शिंकरत होते, ते त्यांच्या बायकोनं सगळ्यांना दाखवलं. नायक केव्हा हरला, केव्हा पडला, कुणाला पत्ता नव्हता. त्या गलक्यात पडद्यावर एक किडकिडीत, काळासावळा, दाट केसांचा माणूस उठला, काहीतरी म्हणाला आणि बसला. ऐकलं एकट्या बाबगोंडांनी.

“ऐका की रे माझं,” ते म्हणाले. कुणी ऐकेना. शेवटी सन्मतीनं टाळ्या वाजवून सगळ्यांना गप्प केलं आणि मुश्ताकभाईंनी सीडी थोडी मागे नेली.

या वेळी हॉल शांत होता. तो माणूस उठला. आवाज थोडा चिरकला होता, हात नको तेवढा उंच गेला होता.

“आधी पाणी द्या त्याला.”

पहिली टाळी चेअरमन नांद्र्यांनी वाजवली. मग हॉल दणाणला. कुणीतरी बाबगोंडांच्या डोक्यावर स्वतःचा फेटा ठेवला, कुणीतरी खरोखरच पाण्याचा तांब्या आणून दिला. “चुकलो, अण्णा,” नांद्रे म्हणाले, “आता ती म्हशीच्या शेपटीची गोष्ट पण खरीच मानायची म्हणा की.” बाबगोंडांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायची त्यांना लाजही वाटत नव्हती.

“पुन्यांदा लाव रं ते,” आक्का म्हणाली. “ह्येच्या मागं हिरव्या लुगड्यातली कोण हाय?”

मुश्ताकभाईंनी पुन्हा लावलं आणि नेमक्या जागी चित्र थांबवलं. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. उभ्या राहिलेल्या बाबगोंडांच्या मागे, विहिरीच्या कठड्याला टेकून चार बायका होत्या. त्यांतली एक, सत्तावीस वर्षांची, हिरव्या साडीतली, कमरेवर दुधाची किटली घेऊन टाचा उंचावून बघत होती. तिचे ओठ उघडे होते.

“पुढं जाऊ दे,” आक्का म्हणाली.

चित्र हललं. बाबगोंडा म्हणाले, ‘आधी पाणी द्या त्याला,’ आणि त्यांच्याबरोबर, शब्दाला शब्द जुळवत, त्या बाईचे ओठही हलले. शेवटच्या शब्दाला तिनं सुटका झाल्यासारखा श्वास सोडला.

आता सगळा हॉल त्रिशलाबाईंकडे बघत होता. एकसष्ट वर्षांच्या त्रिशलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

“त्या दिवशी तू डेअरीत दूध घालाय गेल्तीस,” आक्का म्हणाली.

“व्हय, आक्का.”

“दूध नासलंय म्हणून डेअरीनं परत लावलं, म्हणालीस. देवापुढं हात जोडून सांगिटलंस.”

“सांगिटलं.”

“आन् मी हितं येऊन सेक्रेटरीच्या सात पिढ्या उद्धरल्या. ह्याच हॉलात.” आक्का चित्राकडे बघत राहिली. “दोन तास उन्हात किटली घेऊन उभी राहिल्यावर नासंल न्हाई तर काय हुईल.” मग तिचे खांदे हलायला लागले. ती हसते आहे हे कळायला लोकांना थोडा वेळ लागला.

संध्याकाळी सन्मती आक्काला गाडीतून पुढे घेऊन गेली. नवरा-बायको चालत निघाले. बाबगोंडांच्या डोक्यावर अजून दुसऱ्याचाच फेटा होता.

“म्हणजे तुला ठावं हुतं,” शाळा मागे पडल्यावर बाबगोंडा म्हणाले. “चौतीस वर्षं. सगळं गाव हसत हुतं आन् तुला ठावं हुतं.”

“खरं हाय म्हटलं असतं, तर मी तिथं हुते हे बी सांगाय लागलं असतं. देवापुढं खोटं बोलले हुते. आक्कांनी घरात घेतलं नसतं मला.”

“तवाचं र्‍हाऊ दे. पण नंतर? दहा वर्षांनी, वीस वर्षांनी? आक्का काय आता मारणार हुती तुला?”

त्रिशलाबाई थांबल्या. “राग नका धरू. तुम्ही ते दर बारीला नव्यानं सांगायचा. कुणी मानत न्हाई म्हणून आणखी रंगवून सांगायचा. मी सैपाकघरात हातातलं काम सोडून ऐकायची. एकदा खरं ठरलं असतं, तर तुम्ही सांगायचं थांबला असता.”

बाबगोंडांना राग धरायचा होता. त्यांनी थोडा प्रयत्नही केला. पण गोठ्यात म्हशींना म्हणून दाखवलेले ते चार शब्द भिंतीपलीकडे आणखी कुणीतरी पाठ करत होतं, हे डोक्यात आलं आणि तो राग कुठच्या कुठं गेला.

“पाय दुखत असतील ना तुझं,” ते म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली.

पुढच्या गुरुवारी जयसिंगपूरच्या घरात मुश्ताकभाईंनी दार उघडलं, तर बाहेर दोघं उभी. त्रिशलाबाईंनी बरोबर शेंगांच्या पोळ्या आणल्या होत्या. मुश्ताकभाईंनी काही न विचारता दोन खुर्च्या मांडल्या, सीडी मलमलनं पुसली आणि यंत्रात घातली.

“अण्णा, तुमच्या डायलॉगपासून लावू?”

“डायलॉगचं काय, माझा मला पाठ हाय,” बाबगोंडा म्हणाले. “ती किटली दिसती का, तिथं चित्र थांबवा.”

“थांबवू नका ओ, भाई,” त्रिशलाबाई घाईनं म्हणाल्या. “चित्र थांबलं की ह्यांचा आवाज जातोय.”

मुश्ताकभाईंनी दोघांकडे पाहिलं. मग खुर्ची यंत्राजवळ ओढून घेतली आणि चहा गार होईपर्यंत तेच तीन सेकंद पुन्हा पुन्हा लावत राहिले.